आकडी, अंगारा आणि औषध

काही आजार असे असतात की, ते होतात एकाला आणि लपून बसावे लागते साऱ्या घराला. अपस्मार हा त्यांपैकी एक. आपल्याकडे त्याला कुणी आकडी म्हणते, कुणी फेफरे, कुणी मिरगी; शिकलेली माणसे ‘फिट येते’ म्हणतात आणि तेही आवाज खाली आणून. नावे इतकी असूनही या आजाराचे नाव घेणे मात्र सगळेच टाळतात.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मेंदूच्या विकारावर लिहिण्याचा हिला अधिकार काय, असा प्रश्न एखाद्या विज्ञान शाखेच्या मित्राला पडेल आणि तो रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच की, गेली सहा वर्षे हा आजार आमच्या घरात वस्तीला आहे. मानसशास्त्राच्या निमित्ताने मी ग्रंथालयात त्याच्याविषयी वाचू लागले, डॉक्टरांना प्रश्न विचारू लागले. लहान मुलांच्या या विकारावर वैद्यकशास्त्राने केवढी मजल मारली आहे, ते कळले. आणि त्या मानाने आपण सामान्य माणसे कुठे उभे आहोत, तेही कळले. या दोन्ही गोष्टी आपल्यापुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

माझा धाकटा भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. सकाळी ओसरीवर पाढे लिहीत बसला होता. एकाएकी पाटी हातातून सुटली, मान एका बाजूला वळली, डोळे पांढरे झाले आणि तो आडवा पडला. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. आजीने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला, शेजारच्या काकांनी चप्पल नाकाशी धरली, कुणी कांदा फोडून आणला. दातखीळ बसली आहे, जीभ चावेल, असे कुणीतरी ओरडले. मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि चमच्याचा दांडा आणून त्याच्या दातांत सारला. त्याचा नुकताच आलेला पुढचा दात अर्धा तुटला. फिट दोन मिनिटांत आपोआप थांबली. तुटलेला दात मात्र तसाच राहिला.

त्यानंतरचे चौदा महिने अंगाऱ्यात गेले. उतारे झाले, नवस झाले, गळ्यात ताईत आला. फिट येतच राहिल्या.

नाव जुने, निदानही जुने

अपस्मार हा शब्द आपल्याकडे आयुर्वेदाइतका जुना आहे. ‘स्मार’ म्हणजे स्मृती. ती निघून जाणे म्हणजे अपस्मार. चरकसंहितेत या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे आणि इतर रोगांप्रमाणेच त्याचीही लक्षणे व चिकित्सा तेथे दिली आहे. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी याच रोगावर एक ग्रंथ लिहिला. तेव्हा लोक याला ‘पवित्र रोग’ म्हणत. देवाच्या कोपाने तो होतो, असे मानत. ग्रंथकाराने स्पष्ट सांगितले की, हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे. म्हणजे आमच्या आजीने जे चौदा महिने मानले नाही, ते एका वैद्याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते!

मेंदूत नेमके काय होते? मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांनी बोलतात. एखाद्या वर्गात निरनिराळी मुले आपापसांत हलक्या आवाजात बोलत असावीत, तसा हा व्यवहार चालू असतो. परंतु सगळा वर्ग एकाच क्षणी एका सुरात ओरडू लागला तर शिकवणे बंद पडेल. फिट म्हणजे हेच. हा गलबला मेंदूच्या एका कोपऱ्यात झाला तर फक्त हात उडेल किंवा तोंड वाकडे होईल; साऱ्या मेंदूत पसरला तर शुद्ध जाऊन सर्वांगाला झटके येतील. काही मुले पडत नाहीत, झटकेही येत नाहीत. बोलता बोलता काही सेकंद नुसती शून्यात पाहतात आणि पुन्हा भानावर येतात. हाही अपस्मारच. अशा मुलाला शाळेत ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ म्हणून छड्या बसतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना भरलेल्या तापात फिट येऊ शकते. शंभर मुलांत दोन ते पाच मुलांना ती येते. तिला अपस्मार म्हणत नाहीत आणि बहुतेक मुले पुढे पूर्ण निरोगी राहतात.

एका बापाचे पत्र

१८४१ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात विल्यम वेस्ट नावाच्या डॉक्टरचे एक पत्र प्रसिद्ध झाले. पत्राचा विषय त्याचा स्वतःचा तान्हा मुलगा होता. चार महिन्यांचा होईपर्यंत निरोगी असलेले ते बाळ एकाएकी मान खाली टाकून पुढे वाकू लागले. हे झटके लागोपाठ येत आणि हळूहळू बाळाचे हसणे, पाहणे, ओळखणे मागे पडत चालले. वेस्टने त्या काळचे सारे उपाय केले. डोक्यावर जळवा लावल्या, थंड पट्ट्या ठेवल्या, रेचके दिली, हिरड्यांना छेद दिले. काहीही उपयोग झाला नाही. आपल्या व्यवसायबंधूंपैकी कुणाला काही ठाऊक असेल तर सांगावे, म्हणून त्याने ते पत्र लिहिले होते.

मला हे पत्र वाचून फार वेळ काही सुचले नाही. जळवा आणि अंगारा यांत अंतर ते काय? बाप स्वतः डॉक्टर असूनही आमच्या आईइतकाच असहाय होता. फरक इतकाच की, त्याने लपवले नाही. त्याने पाहिलेले सगळे जगापुढे लिहून ठेवले. आज त्या विकाराला त्याच्याच नावाने ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. त्याच्या पत्रानंतर एकशे सतरा वर्षांनी, १९५८ मध्ये, बेल्जियममधील डॉक्टरांनी ए.सी.टी.एच. या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी असे झटके थांबू शकतात, हे दाखवून दिले. आज त्याच्या जोडीला स्टिरॉइडच्या गोळ्या आणि व्हिगाबॅट्रिन हे औषधही आहे. मात्र येथे दिवसांना किंमत आहे. उपचाराला जितका उशीर, तितकी बाळाची वाढ मागे राहण्याची भीती अधिक. ‘बाळ दचकते आहे, पोटात दुखत असेल’ म्हणून घालवलेले आठवडे भरून निघत नाहीत.

औषधांची वाटचाल

अपस्मारावरचे पहिले गुणकारी औषध लंडनमध्ये १८५७ साली पुढे आले. सर चार्ल्स लोकॉक यांनी एका वैद्यकीय सभेत ब्रोमाइडचा अनुभव सांगितला. त्याने फिट कमी होत. पण रोगी गुंगीत राहत आणि अंगावर पुरळ उठे. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून फेनोबार्बिटल दिले. झोप तर लागलीच, पण त्यांच्या फिटही कमी झाल्या, हे त्याच्या ध्यानात आले. शंभर वर्षे उलटून गेली तरी हे स्वस्त औषध आजही जगभर वापरात आहे.

पुढचे पाऊल औषधाचे नव्हे, उपकरणाचे होते. जर्मनीतच येना येथे हान्स बर्गर याने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विजेचा आलेख प्रथम काढला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता. आज आपण ज्याला ई.ई.जी. म्हणतो तो हाच आलेख. डोक्याला तारा चिकटवतात म्हणून आमची आजी फार घाबरली होती. परंतु त्या तारा मेंदूत वीज सोडत नाहीत. मेंदूतली वीज फक्त टिपून घेतात. माझ्या भावाला तर तो सारा प्रकार खेळच वाटला.

१९३८ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी फेनिटॉइन पुढे आणले. तोपर्यंतची औषधे हाती लागली होती ती योगायोगाने. या दोघांनी मात्र मांजरांवर प्रयोग करून अनेक रसायने एकामागून एक पद्धतशीरपणे तपासली. गुंगी न आणताही फिट थांबवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. योगायोगाचेही दिवस संपले नव्हते. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये पिएर एमार हा संशोधक दुसरीच काही रसायने तपासत होता. ती विरघळावीत म्हणून त्याने व्हॅल्प्रोइक आम्ल वापरले. रसायन कोणतेही घ्या, फिट थांबत होती. तेव्हा लक्षात आले की, गुण रसायनांचा नसून ती ज्यात विरघळवली त्या द्रावाचा आहे! १९६७ पासून व्हॅल्प्रोएट फ्रान्समध्ये औषध म्हणून मिळू लागले. त्याचीही एक दुसरी बाजू आहे. गर्भारपणात ते घेतल्यास बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून मुलींना ते देताना डॉक्टर फार विचार करतात. औषध चांगले की वाईट, असा प्रश्न नसतो. कोणत्या मुलासाठी कोणते, हा प्रश्न असतो.

हा प्रश्न अलीकडे किती बारकाईने सोडवता येऊ लागला आहे, याचे एक उदाहरण देते. फ्रान्सच्या डॉ. शार्लोट द्रावे यांनी १९७८ मध्ये तान्ह्या मुलांच्या एका हट्टी अपस्माराचे वर्णन केले. २००१ मध्ये बेल्जियममधील संशोधकांना त्यामागचे जनुक सापडले. मेंदूच्या पेशींत सोडियमची ये-जा ज्या द्वारांतून चालते, त्या द्वाराचा दोष त्या जनुकात होता. त्यामुळे एक मोठा उलगडा झाला. फिटवरची काही नेहमीची औषधे हेच द्वार अडवतात. म्हणून या मुलांना ती दिली की फिट कमी होण्याऐवजी वाढतात. आज रक्ताच्या तपासणीतून हे आधीच कळू शकते. याच विकारासाठी भांगेच्या झाडापासून काढलेल्या, पण नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑल या द्रव्याला अमेरिकेत २०१८ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली.

औषधांनी न थांबणाऱ्या फिटसाठी आहाराचाही मार्ग आहे. उपवासात फिट कमी होतात, हे फार पूर्वीपासून माहीत होते. पण मुलाला उपाशी किती दिवस ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी युक्ती सुचवली: पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, तर शरीर उपवासात असल्यासारखेच वागते. हा ‘कीटोजेनिक’ आहार आजही निवडक मुलांना दिला जातो. मात्र तो तोलूनमापून, डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच द्यावयाचा असतो. घरच्या घरी तूप वाढवून हा उपचार होत नाही.

आणि शेवटचा मार्ग शस्त्रक्रियेचा. गलबला मेंदूच्या एकाच कोपऱ्यातून सुरू होत असेल आणि तो कोपरा काढल्याने मुलाचे बोलणे-चालणे बिघडणार नसेल, तर तेवढा भाग काढून टाकता येतो. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ मध्ये अशा शस्त्रक्रियांचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाला. आज इतर मोठ्या शहरांतही ही सोय आहे.

वेल्लोरचा धडा

हे सारे शोध परदेशातले, असे वाटून कुणी निराश होऊ नये. एक मोलाचे पान आपल्याच देशात लिहिले गेले आहे. सी.टी. स्कॅन यंत्र आपल्याकडे आल्यावर डॉक्टरांना फिट येणाऱ्या अनेक मुलांच्या मेंदूत एक लहानसा ठिपका दिसू लागला. क्षयरोग आपल्याकडे फार. तेव्हा ही क्षयाचीच गाठ, असे मानून मुलांना महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मॅथ्यू चांदी, डॉ. वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून प्रत्यक्ष तपासल्या. १९८९ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, यांतील बहुतेक गाठी क्षयाच्या नसून पट्टकृमीच्या अळीच्या आहेत.

हा कृमी डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या पोटात जातो, हे खरे. परंतु मेंदूत अळी जाते ती कृमीच्या अंड्यांमुळे. ती अंडी रोग्याच्या मैल्यातून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, पाणी, कच्ची भाजी यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून ज्या घरात कधी मांस शिजले नाही, त्या घरातल्या मुलालाही हा विकार होऊ शकतो. यावर औषध आहे आणि पुष्कळदा गाठ कालांतराने विरूनही जाते. मेंदूचा एवढा गहन विकार, आणि तो टाळण्याचा उपाय काय, तर शौचालय आणि साबण! मला वाटते, याहून मोठा नागरिकशास्त्राचा धडा नाही.

घरातली दरी

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतील सुमारे ७० टक्के लोक फिटशिवाय जगू शकतात. मग तसे होत का नाही? औषध घरात पोचत नाही हे एक कारण; आणि पोचलेले औषध पोटात जात नाही, हे दुसरे.

चौदा महिन्यांनी आम्ही भावाला जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. आजीने अंगाऱ्याची पुडी पदराला बांधून आणली होती. ती पाहून डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “आजी, अंगारा लावायचा तर लावा, माझी हरकत नाही. पण गोळी एकही चुकवायची नाही. एवढे वचन मला द्या.” आजीने वचन दिले आणि पाळलेही. दोनदा औषधाचे प्रमाण बदलावे लागले आणि मग फिट थांबल्या. शाळेतल्या ज्या गुरुजींनी ‘मुलाला घरीच ठेवा’ म्हटले होते, त्यांच्याच वर्गात तो पहिल्या पाचांत आला.

वचन मोडले ते आम्ही, शिकलेल्यांनी. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मला पाहायला पाहुणे यायचे होते. ते मुक्कामाला राहणार होते. ‘घरात असला आजार आहे असे कळले तर पुढे कोण येईल?’ असे मोठी माणसे म्हणाली. गोळ्यांचा डबा कपाटात वर, कपड्यांच्या मागे गेला. तो तेथे ठेवणारे हात माझेच होते. पाहुण्यांसमोर गोळी देता येईना. तीन दिवस ती राहून गेली. चौथ्या दिवशी पहाटे भावाला फिट आली आणि ती दोन मिनिटांत थांबली नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धा तास गेला होता. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारले, “ताई, पाहुणे गेले का?”

तो बरा झाला, हे आमचे भाग्य. पण अचानक गोळ्या बंद केल्याने जीवावर बेतू शकते, हे मी तेव्हा पुस्तकात नव्हे, दवाखान्याच्या बाकावर बसून शिकले. गोळ्या कधीच बंद होत नाहीत, असेही नाही. दोन वर्षे किंवा अधिक काळ फिट आली नाही, तर अनेक मुलांची औषधे डॉक्टर हळूहळू कमी करत बंद करतात. मात्र ते डॉक्टरांनी ठरवायचे, पाहुण्यांनी नव्हे.

आमच्या घरच्यांनाच दोष द्यावा, तर कायद्यानेही एके काळी हीच भीती जोपासली होती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे झटकेही विवाहाला बाधक ठरवले होते. १९९९ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि ‘अपस्मार’ हा शब्द त्या कलमातून वगळला गेला. कायद्याने तो काढला, त्यालाही आता पाव शतक होऊन गेले. आपल्या मनातून तो काढायला आणखी किती वर्षे लागणार आहेत?

आपण एवढे करू

वाचकहो, आपण डॉक्टर नाही. पण उद्या एस.टी.त, वर्गात, गॅदरिंगच्या गर्दीत एखादे मूल आपल्यासमोर कोसळेल. तेव्हा काय करावे, ते डॉक्टरांनी मला शिकवले ते असे. घाबरू नये. गर्दी हटवावी, आजूबाजूची टोकदार वस्तू दूर करावी, डोक्याखाली मऊ काही ठेवावे. गळ्याजवळची गुंडी सैल करावी. मुलाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही म्हणजे काही घालू नये. चप्पल, कांदा, किल्ल्या यांचा काही उपयोग नाही. बहुतेक फिट आपोआपच थांबते आणि श्रेय मात्र चपलेला मिळते. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर तत्काळ दवाखाना गाठावा. आणि मूल भानावर आल्यावर त्याच्याशी नेहमीसारखे बोलावे. सारे जग आपल्याकडे पाहत आहे, हे त्याला नको असते.

माझा भाऊ आता आठवीत आहे. गोळ्यांचा डबा देवघराशेजारी, सर्वांना दिसेल असा ठेवलेला असतो. यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा एक स्थळ आले, तेव्हा चहाचे कप खाली ठेवले जाण्यापूर्वीच मी सांगून टाकले की, माझ्या भावाला अपस्मार आहे आणि त्याचा उपचार चालू आहे. ते लोक पुन्हा आले नाहीत. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी रात्री मी अभ्यासाला बसले असता तीच म्हणाली, “त्याची गोळी झाली का गं?”

झाली होती. तो समोर बसून हसत होता आणि त्याचा अर्धा तुटलेला दात दिसत होता. तो दात नीट करून घेऊ, असे दंतवैद्य म्हणतात. भाऊ म्हणतो, राहू दे. मला मात्र तो रोज दिसतो, आणि न जाणता केलेली मदत किती महाग पडते ते आठवते. माझ्या हातून झाले ते आपल्यापैकी कुणाच्या हातून होऊ नये, यासाठीच हे लिहिले.